ग्लास सारखे, जिभा वेगळ्या

पोरी, शनिवारी तुम्ही सहा जण चार आयपीए मांडून बसणार आहात आणि 'मामा, यातली सगळ्यांत चांगली कोणती हे ठरवायचं कसं?' असं विचारलंस. तुझा प्रश्न मी जरा बदलून घेतो. बीअरची तुलना करायला बसलं की परीक्षा दोघांची होते, बीअरची आणि पिणाऱ्याच्या जिभेची. बहुतेक बैठका या दोन गोष्टींची गल्लत झाल्यामुळे भांडणात संपतात. म्हणून आपल्या हातात आहे ते सगळं आधी सारखं करून घ्यायचं: ग्लास, गारवा, माप, क्रम. एवढं करूनही जो फरक उरेल तो खरा फरक. त्यातला थोडा कॅनमधला असतो, थोडा माणसांमधला. माणसांमधल्या फरकावर वाद घालायचा नसतो, तो लिहून ठेवायचा असतो.

मला जे वडीलधाऱ्यांकडून, ब्रूअरांकडून आणि पुस्तकांतून मिळालं, ते सात कानमंत्रांत बांधून देतो.

१. एका पंगतीला एकाच जातीच्या बसव

कॅनवर 'आयपीए', म्हणजे इंडिया पेल एल, लिहिलंय एवढ्यावर जाऊ नकोस. या नावाखाली आज निदान तीन स्वतंत्र वळणं नांदतात आणि प्रत्येकाचं उद्दिष्ट वेगळं आहे.

पहिलं इंग्रजी वळण. लंडनच्या पूर्वेला बो इथे जॉर्ज हॉजसनची ब्रूअरी होती. ईस्ट इंडिया कंपनीची जहाजं तिथून जवळच ब्लॅकवॉलला लागत आणि हॉजसन कप्तानांना लांब मुदतीच्या उधारीवर माल देई. केप ऑफ गुड होपला वळसा घालून चार-सहा महिन्यांनी ती पिंपं मुंबई, मद्रास, कलकत्त्याला उतरत. हिंदुस्थानसाठी हॉजसनने नवीनच बीअर शोधून काढली, ही गोष्ट कुणी रंगवून सांगितली तर मान डोलवू नकोस. पेल एल त्याच्या आधीपासून होती, उष्ण मुलखात जाणाऱ्या बीअरमध्ये हॉप्सची कडू फुलं जास्त घालायची रीतही होती, आणि काळी पोर्टरसुद्धा त्याच समुद्रमार्गाने इकडे भरपूर येत होती. 1822 च्या सुमारास बर्टन गावच्या ऑलसॉपने या व्यापारात उडी घेतली. बर्टनच्या पाण्यात जिप्समचं, म्हणजे सल्फेटचं प्रमाण मोठं, त्यामुळे तिथल्या बीअरचा कडूपणा कोरडा आणि स्वच्छ लागे. या वळणात माल्टचा बिस्किटासारखा स्वाद असतो, ईस्ट केंट गोल्डिंग्जसारख्या हॉप्सचा मातकट, फुलांचा वास असतो, आणि दोन्ही एकमेकांना सांभाळून चालतात.

दुसरं अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्याचं. 1972 मध्ये ओरेगनमधून 'कॅस्केड' नावाचा हॉप बाहेर आला. 1975 मध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या अँकर ब्रूअरीने तो 'लिबर्टी एल'मध्ये वापरला आणि पुढे सिएरा नेवाडाच्या पेल एलने तो वास घरोघरी नेला. तिथून जे वाढलं ते वेस्ट कोस्ट आयपीए: नितळ, कोरडी, ठसठशीत कडू. वास पपनसाच्या सालीचा आणि चिडाच्या डिंकाचा.

तिसरं न्यू इंग्लंडचं, ज्याला आपण हेझी म्हणतो. व्हरमाँटच्या 'द अल्केमिस्ट'ची 'हेडी टॉपर' ही त्याची मूळ खूण. ओट्स आणि गहू घालून अंग मऊ केलेलं, हॉप्सचा मोठा भाग उकळीत न घालता शेवटी-शेवटी घातलेला, पाण्यात सल्फेटपेक्षा क्लोराइडकडे झुकाव. दिसायला गढूळ, वासाला पिकल्या फळांची, कडूपणा मवाळ.

आता या तिघी एका टेबलावर ठेवून 'चांगली कोणती' म्हणशील, तर उत्तर पिणाऱ्याच्या सवयीचं येईल. बीअरविषयी काहीच कळणार नाही. म्हणून शनिवारी चारही हेझी घे, नाहीतर चारही वेस्ट कोस्ट. वळणांचीच ओळख करून द्यायची असेल तर प्रत्येकाची एकेक घे, पण मग गुण देऊ नकोस.

२. विकत घेताना आधी तारीख वाच

हॉप्सचा वास ही आयपीएची मुख्य मिळकत, आणि तीच सगळ्यांत आधी उडते. कॅनच्या बुडाशी किंवा लेबलवर भरल्याची तारीख असते, ती शोध. 'बेस्ट बिफोर' कितीही लांबची असो, आयपीए दोन-तीन महिन्यांच्या आत आणि थंड ठेवलेलीच घे. हेझी असेल तर आणखी ताजी. शिळी झाली की फळांचा वास दबतो, माल्टचा गोडवा मधासारखा वर येतो, आणि पुढे ओल्या पुठ्ठ्याचा वास लागतो. हे काम ऑक्सिजनचं असतं आणि उष्णता त्याला घाई करते. मे महिन्यात दुकानाच्या माळ्यावर पडून राहिलेला परदेशी कॅन कितीही नामांकित असला तरी त्याची नीट परीक्षा होऊ शकत नाही. दुकानदाराला सरळ विचार, माल फ्रिजमध्ये होता की बाहेर.

बाटली घेतलीस तर तपकिरी घे. हॉप्समधली कडू द्रव्यं उजेडाने फुटतात आणि त्यातून उग्र, जळक्या रबरासारखा वास तयार होतो. हिरवी किंवा पांढरी काच तो उजेड अडवत नाही. कॅनला ही भीतीच नाही.

यासाठीच मी म्हणतो, जवळची घे. पुण्यात 2009 मध्ये डूलॅली ही ब्रूअरी सुरू झाली आणि त्यानंतर शहरात टॅपवरची ताजी बीअर मिळू लागली. गोव्यातून आर्बर ब्रूइंगची 'बीच शॅक'सारखी आयपीए कॅनमध्ये येते. पंधरवड्यापूर्वी भरलेली साधी आयपीए आणि आठ महिन्यांपूर्वी भरलेली जगप्रसिद्ध आयपीए एका टेबलावर आल्या तर साधी जिंकते. त्यावरून थोरवी ठरत नाही. चारही कॅनच्या तारखा कागदावर लिहून ठेव, त्यांत मोठं अंतर असेल तर तसं सगळ्यांना शेवटी सांग.

३. ग्लास, गारवा, माप: तिन्ही सारखे

ग्लास सगळे एकाच आकाराचे, वर थोडे निमुळते. घासून झाल्यावर गरम पाण्याने खळखळून धू आणि उपडे ठेवून वाळव. फडक्याने पुसू नकोस, धागे आणि तेलकटपणा राहतो. खात्री करायची असेल तर ग्लास आतून ओला करून मीठ भुरभुरव. स्वच्छ काचेवर ते सगळीकडे सारखं चिकटतं, जिथे तेलाचा थर आहे तिथे चिकटत नाही. मग पुन्हा विसळून घे. अस्वच्छ ग्लासात बुडबुडे कडेला धरून बसतात, फेस लवकर मरतो आणि फेसाबरोबर वासही.

बर्फ जमलेला ग्लास अजिबात नको. अति थंडीत नाक काही पकडत नाही आणि जीभ बधिर होते. आयपीए साधारण 8 ते 10 अंशांवर बोलू लागते. फ्रिज 4-5 अंशांचा असतो. ओतल्यावर काही मिनिटं थांबलीस की आपल्या हवेत ती आपोआप तिथे येते. चारही एकाच वेळी फ्रिजमधून काढ.

माप थोडं ठेव. 500 मिलीचा एक कॅन सहा जणांत साधारण 80 मिली होतो. चाखायला तेवढं पुरेसं आहे. कॅनमधला शेवटचा गढूळ गाळ एकाच्याच वाट्याला जाऊ नये म्हणून हेझीचा कॅन ओतण्यापूर्वी हळूच एकदा उलटा करून सरळ कर.

क्रम मवाळाकडून कडूकडे, हलक्याकडून जडाकडे. कडूपणा जिभेवर साठत जातो. जास्त कडक अशी डबल आयपीए आधी दिलीस तर मागून आलेली प्रत्येक बीअर पाणचट वाटेल, आणि दोष तिचा नसेल. दोन बीअरमध्ये पाच-सात मिनिटं सोड, साधं पाणी आणि बिनलोण्याचा पाव दे. चारपेक्षा जास्त बीअर एका बैठकीत मांडू नकोस.

खोलीतही लक्ष दे. अगरबत्ती, अत्तर, शेजारी चाललेलं तळण, तोंडातली बडीशेप किंवा नुकतीच वापरलेली टूथपेस्ट, यातलं काहीही वासाच्या आड येतं.

४. लेबल झाक

ओतणारा एकच असू दे आणि त्याने गुण देऊ नयेत. ग्लासांखाली आकड्यांच्या चिठ्ठ्या लाव. १, २, ३, ४ असे आकडे मात्र नको, कारण पहिल्या नंबराचा मान माणसाच्या मनात आपोआप चढतो. 417, 853 असे कसलेही तीन आकडे घे. चवीच्या प्रयोगशाळांत हीच रीत आहे.

रंगसुद्धा मनाला ओढून नेतो. 2001 मध्ये बोर्दोच्या संशोधकांनी पांढऱ्या वाइनमध्ये लाल रंग मिसळून ती वाइन शिकणाऱ्या विद्यार्थ्यांपुढे ठेवली, तेव्हा त्यांनी तिचं वर्णन लाल वाइनच्या शब्दांत केलं. ती शिकलेली नाकं होती, आपण तर घरची माणसं. गढूळ दिसली की जीभ आंबा शोधते, नितळ दिसली की कडूपणा शोधते. रंगाचा परिणाम टाळायचा असेल तर स्टीलचे पेले वापर. त्यांना आतून साबणाचा किंवा मसाल्याचा वास नाही ना, एवढं आधी हुंगून बघ.

'मला या दोन्हींतला फरक कळतो' असं कुणी छातीठोक म्हणालं तर तीन ग्लासांची कसोटी लाव. दोन ग्लासांत एकच बीअर, तिसऱ्यात दुसरी, आणि वेगळा ग्लास ओळखायचा. नुसत्या अंदाजानेही तिघांत एकदा बरोबर येतं, म्हणून एकाच्या एका यशाला भुलू नकोस. तुम्ही सहा जण आहात. फरक नसतानाही त्यांतल्या दोघांचं उत्तर सरासरीने बरोबर येईल. चौघांचं आलं तरी नशिबाचा संशय उरतो. पाच जणांचं बरोबर आलं तर दोन्ही बीअर खरंच वेगळ्या लागतात असं खुशाल धर. या वेळी ओतणाराही चाखणाऱ्यांत हवा असेल तर ओतायला शेजारचं कुणी बोलाव.

५. आधी नाक, मग घोट, मग कागद, आणि शेवटी तोंड

ग्लास हातात आला की आधी हुंग. लहान लहान दोन-तीन श्वास पुरेत. मग छोटा घोट घे, तोंडभर फिरव, गीळ आणि नाकाने श्वास बाहेर सोड. आपण ज्याला चव म्हणतो त्यातला मोठा भाग हा घशामागून नाकात चढणारा वास असतो. खरं वाटत नसेल तर नाक चिमटीत धरून घोट घे. कडू, गोड, आंबट एवढंच उरेल आणि संत्रं, पेरू सगळे नाहीसे होतील. नाक थकलं की स्वतःच्या बाहीचा वास घे, ते पुन्हा जागेवर येतं.

मग लिही. सगळ्यांचं लिहून होईपर्यंत कुणी एक शब्द बोलायचा नाही, हा नियम कडक ठेव. 'आंबा लागतोय' असं एकाने मोठ्याने म्हटलं की बाकीच्या पाचांना आंबा लागतोच. घरातला सगळ्यांत आत्मविश्वासाने बोलणारा माणूस सगळ्यांची जीभ वाकवतो.

शब्द आपल्या बाजारातले वापर. पपनस, मोसंबीची साल, संत्र्याची फोड, कैरी, पिकलेला पेरू, अननस, लिची, ओलं गवत, चीड, काळी मिरी, भाजलेला पाव, कॅरमेल. परदेशी पुस्तकात 'गूजबेरी' लिहिलंय म्हणून न खाल्लेल्या फळाचं नाव लिहू नकोस, तुला तिथे आवळा वाटला तर आवळा लिही. हॉप्सचीही तोंडओळख ठेव. कॅस्केडकडे पपनस असतं, सिट्राकडे मोसंबी आणि उष्ण देशांतली फळं, ऑस्ट्रेलियाच्या गॅलॅक्सीकडे कृष्णफळ, न्यूझीलंडच्या नेल्सन सॉव्हिनकडे पांढऱ्या द्राक्षांची आठवण. काही हॉप्सना कांदा-लसणाचा वासही येतो. तो दोषच असतो असं नाही, पण आला तर लपवू नकोस, लिही.

६. जिभांचा न्याय करू नकोस

हा मंत्र सगळ्यांत महत्त्वाचा, म्हणून सावकाश वाच.

एका घरातल्या भावंडांत एक कारल्याची भाजी वाढून घेतो आणि दुसरा ताटाच्या कडेला सारतो. भाजी तीच, हात तोच. कडूपणाचं असंच आहे. माणसाच्या जिभेवर कडू ओळखणारे सुमारे 25 प्रकारचे ग्राहक (रिसेप्टर) असतात आणि ते प्रत्येकात सारखे नसतात. 1931 मध्ये आर्थर फॉक्स या रसायनशास्त्रज्ञाच्या प्रयोगशाळेत पीटीसी नावाची पूड हवेत उडाली. शेजाऱ्याला ती कडू लागली, फॉक्सला काहीच लागलं नाही. तिथून या फरकाचा अभ्यास सुरू झाला. कुणी तुला ती पीटीसीची कागदी पट्टी चाटवून 'तुला आयपीए आवडणार नाही' असं सांगितलं तर मात्र विश्वास ठेवू नकोस. ती पूड एका ग्राहकाला चेतवते, हॉप्समधली कडू आम्लं मुख्यतः दुसऱ्याच तिघांना.

वासाचंही तेच. उष्ण देशांतल्या फळांचा भास देणारी हॉप्समधली गंधकयुक्त द्रव्यं अतिशय कमी प्रमाणात असतात. त्याच द्रव्यात एकाला ब्लॅककरंट किंवा पेरू मिळतो आणि दुसऱ्याला मांजराच्या मुताची आठवण होते. दोघंही खरं सांगत असतात. दुसऱ्याला 'तुझं नाक बिघडलंय' म्हणणं हा अन्याय आहे.

त्यावर सवयीचा थर चढतो. कडू ही मुळात शरीराची धोक्याची सूचना, म्हणून पहिल्या घोटाला बहुतेकांचं तोंड वाकडं होतं. पुन्हापुन्हा चांगल्या संगतीत चाखलं की तीच चव हवीशी होते. कुणाची वाट इथवर आली असेल, कुणाची नसेल. जी येणारच नाही तिला ओढून आणायची गरज नाही.

कॅनवरच्या आयबीयूच्या आकड्यानेही भांडण सोडवू नकोस. तो बीअरमधल्या कडू द्रव्यांचं माप आहे, जिभेवरच्या कडूपणाचं नव्हे. माल्टचा गोडवा कडूपणा झाकतो, कोरडेपणा तो उघडा पाडतो. त्यामुळे 65 आयबीयूची गोडसर डबल आयपीए 45 आयबीयूच्या कोरड्या वेस्ट कोस्टपेक्षा मवाळ लागू शकते.

म्हणून कागदावर दोन रकाने आख. पहिल्यात 'काय आहे': वास, कडूपणा किती, अंग जड की हलकं, शेवटी तोंडात काय उरतं. दुसऱ्यात 'मला आवडली का'. पहिल्या रकान्यावर हवी तेवढी चर्चा करा, तिथे पुन्हा हुंगून, पुन्हा चाखून जवळ येता येतं. दुसऱ्या रकान्यावर एकही शब्द नको. आणि त्याची सरासरी काढू नकोस. तिघांनी 9 आणि तिघांनी 3 गुण दिले तर सरासरी 6 येते, पण त्या टेबलावर 6 गुणांची बीअर कुणीच प्यायलेलं नसतं. खरी बातमी अशी की या बीअरने टेबल दोन भागांत वाटलं. ठाम स्वभावाच्या चांगल्या आयपीए पुष्कळदा टेबलाची अशीच वाटणी करतात, आणि सगळ्यांनी 6 दिलेली बीअर कुणाच्याच लक्षात राहत नाही.

७. खाणं नंतर, आणि पिणं मोजून

गुण लिहून झाल्याशिवाय ताटल्या बाहेर आणू नकोस. मग आण. तळलेलं, खारट, तुपकट खाणं आयपीएबरोबर छान जातं, कारण कडूपणा आणि बुडबुडे तोंडातला तेलकटपणा कापतात: बोंबील फ्राय, कोथिंबीर वडी, खारे शेंगदाणे. झणझणीत मिसळीबरोबर मात्र कडक वेस्ट कोस्ट देऊ नकोस. कडूपणा आणि मद्यार्क दोन्ही तिखटाचा जाळ वाढवतात आणि कुणाचीच चव उरत नाही. तिखटच करायचं असेल तर मवाळ हेझी ठेव.

आता मापाचं. 330 मिली, 5 टक्क्यांच्या बीअरमध्ये सुमारे 13 ग्रॅम मद्यार्क असतो, 7 टक्क्यांच्या आयपीएमध्ये तेवढ्याच मापात 18. 500 मिलीचा 8 टक्क्यांचा कॅन म्हणजे 31 ग्रॅमच्या वर. फळांच्या रसासारखी लागणारी हेझी हे जाणवू देत नाही, म्हणून टक्के वाचूनच ओत. चार नमुने मिळून प्रत्येकाला साधारण 320 मिली होतं, तिथेच थांबा. घोट चाखून थुंकायला एक भांडं ठेव, त्यात कमीपणा नाही. परत जाताना गाडी कुणीही चालवायची नाही. आणि कुणी 'मला नको' म्हणालं, तर कारण विचारू नकोस. आग्रह जेवणात शोभतो, दारूत नाही.

शेवटी निकाल लावशील तेव्हा एका बीअरच्या गळ्यात हार घालू नकोस. प्रत्येकाच्या नावापुढे त्याला रुचलेली बीअर आणि ती का रुचली याचा एक शब्द लिही. पुढच्या वेळी कुणाकडे जाताना काय न्यायचं, कुणाला काय मागवायचं, हे त्या कागदावरून कळेल. कुणाच्या नावापुढे 'एकही नाही' आलं तर तेही तसंच राहू दे, आणि पुढच्या शनिवारी त्याच्यासाठी साधी गव्हाची बीअर आणून ठेव.